ऊब घेणारे कोणी आहे का?

रविवार, दि. १२ मे

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता ठणठणीत आहोत. तूही असशील असे गृहीत धरतो, कारण तू काही कळवत नाहीस.

इंजिन चालले. हे वाक्य पत्राच्या शेवटी यायला हवे, हे मला कळते. जन्मभर विद्यार्थ्यांना क्रमवार मांडणी शिकवली. आज मलाच दम धरवत नाही.

तू इतकी वर्षे सांभाळलेल्या बॉयलरघराला लागूनच ठिणगीने वीजघर उभारले आहे. (भट्टीपाशी खेळणाऱ्या माझ्या मुलीला हे नाव तूच दिलेस, आता सारे विद्यापीठ तिला तसेच हाक मारते.) तिचे इंजिन वीज निर्माण करते आणि त्याची एरवी वाया जाणारी उष्णता पाण्यावाटे वसतिगृहांत, ग्रंथालयात, आमच्या घरांत पोहोचवते. काल त्याची परीक्षा होती. संध्याकाळपर्यंत अखंड चालले तर योजना मंजूर. मध्येच थांबले तर योजना रद्द आणि ठिणगीची नोकरीही गेली, असे कुलगुरूंनी बजावले होते.

दुपारी तिचा फोन आला. "बाबा, सुट्टीमुळे वसतिगृहं ओस पडलीत. सोडलेलं पाणी तसंच कढत परत येतंय. ते निवलं नाही, तर इंजिन आपोआप थांबेल."

मग काय करायचे, असे मी विचारले.

"कोणीतरी ऊब घ्यायला हवी."

वयाला न शोभणाऱ्या वेगाने मी निघालो. दारोदार फिरून गरम पाण्याचे नळ सोडा, आंघोळी करा, अशी विनवणी केली. ग्रंथपालबाई दारातच म्हणाल्या, "भर उन्हाळ्यात दुसरी आंघोळ? सर, पहिलीत काही चूक सापडली का?"

"सापडली. पुन्हा करा."

त्यांनी ग्रंथालयाच्या खिडक्या सताड उघडून गरम पाण्यावर चालणारे सगळे हीटर सुरू केले. गणिताचे प्राध्यापक टबात पाय सोडून बसले. रखवालदाराने पोहण्याचा अख्खा तलाव ऊन केला. तुझ्या वहिनीने घरचे पडदे, चादरी, माझा धुतलेला सदरासुद्धा पाण्यात घातला. मी स्वतः दोनदा न्हालो आणि उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आलो. दिवस मावळला तरी इंजिन आपले घुमतेच आहे. कुलगुरूंच्या समितीने मंजुरीवर मुकाट सह्या केल्या.

ही योजना प्रथम मांडली त्या बैठकीविषयी लिहायचे नाही, असे ठरवूनच बसलो होतो. परंतु ते वगळले तर पत्र अपुरे राहते. "सुट्टीत ही ऊब कोणाला देणार?" हे तूच विचारले होतेस. त्यावर ठिणगी सर्वांदेखत म्हणाली होती, "काका, तुमचा काळ गेला." तू उठून गेलास, तो गेलासच.

काल सारे तिचे कौतुक करत असताना ती एकटी तुझ्या बॉयलरघराच्या पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, "काका म्हणाले तेच झालं, बाबा."

गरम पाणी साठवण्यासाठी आता मोठी टाकी बांधायची आहे. टाकीची जागा ठिणगीने अजून ठरवलेली नाही; ती तुला विचारायची आहे म्हणते. तुझा बॉयलर विझला, पण त्याची मुख्य झडप उघडीच आहे. कोणी हात लावू लागला, की ती खेकसते, "ती काकांनीच बंद करायची."

तिला पत्र लिहिता येत नाही असे नाही. सुरुवात सापडत नाही. आपल्या घराण्याचाच दोष तो.

तेव्हा ये. आणि घरून आंघोळ करून निघू नकोस; इथे ऊब घेणारे एक माणूस कमी आहे.

तुझी वाट पाहणारा,
दादा