शेवटचा परिच्छेद शिकवायचा राहिला

प्रिय सिग्नी,

संत्र्यांची पेटी पोचली. पोस्टमन ती दाराबाहेरच ठेवून गेला, त्यामुळे वरचा थर गोठून दगड झाला होता. खालची चांगली निघाली, तुझ्या टूसॉनचं ऊन अजून त्यांच्यात होतं. मी ती वेलचीच्या पावाबरोबर खाल्ली. बाबांच्या खुर्चीत आता पेक्का झोपतो. जानेवारीत बाबा गेले, तेव्हापासून हा कुत्रा गोठलेल्या तळ्यावर यायला तयार नाही. किनाऱ्यापर्यंत येतो आणि बसकण मारतो. ओढलं तर गुरगुरतो. माझ्यावर, ज्या हाताने त्याला खायला घालते त्या हातावर.

शाळेत परीक्षेचे दिवस आहेत. गेल्या वर्षी राज्याच्या परीक्षेत आमच्या आठवीचे निबंध जिल्ह्यात तळाला होते. मुख्याध्यापक सुंडक्विस्ट रोज वर्गाच्या दारात उभे राहतात, हातात कॉफी. "मार्टा, यंदाही आपटलो तर आठवी बंद. मग ही पोरं बसने शेजारच्या गावात, आणि तू माझ्याबरोबर घरी विणकाम करत." विनोद करताना त्यांचा चेहरा हलत नाही, त्यामुळे विनोद किती आणि खरं किती ते कळत नाही.

मी निबंध तुकड्यांनी शिकवते. आधी नुसती सुरुवात. मग उदाहरण. मग विरुद्ध बाजू, म्हणजे 'काही जण म्हणतील' असं सुरू होणारा परिच्छेद. समारोप अगदी शेवटी, कारण तो आधी शिकवला की पोरं धावत त्याच्याकडेच सुटतात. लिहिण्याआधी दिवे मालवायचे, डोळे मिटायचे. मी विषय वाचते. जे पहिल्यांदा दिसेल ते पहिल्या वाक्यात लिहायचं, मत नंतर. तपासणारा माणूस दिवसभर मतं वाचून पेंगुळलेला असतो, चित्र दिसलं की जागा होतो. इतकी वर्षं मी हेच सांगत आले.

यंदाचा पहिला विषय होता, शाळेत फोन असावेत का. जोलीनने सुरुवात केली होती: 'पिकअपचं दार उघडं होतं आणि रेडिओ चालू होता.' मी समासात 'छान' लिहिलं. खालचा कागद वेस्टनचा. तेच वाक्य. त्याखालीही तेच. दुसऱ्या दिवशी मी बाकं दूर सरकवली आणि प्रत्येकाला वेगळा विषय दिला. शाळा उशिरा भरावी का. मधल्या सुट्टीच्या जेवणात गोड असावं का. पिकअपचं दार उघडंच होतं.

"कोणाचं बघून लिहिलंत?" मी विचारलं.

"मी हिचं बघून लिहीन, बाई?" वेस्टन म्हणाला. "हिने फेब्रुवारी चार प्रकारे लिहिलाय."

"गप रे," जोलीन म्हणाली. "तुझं अक्षर तुझ्या आईलाही लागत नाही."

"लागतं. तिला मीच वाचून दाखवतो."

वर्ग हसला. मी हसले नाही. मग ते पिकअप कोणाचं, असं विचारलं. जोलीन माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी विसरले असल्यासारखी. "आम्हाला काय माहीत, बाई? तुम्हीच म्हणालात ना, दिसेल ते लिहा."

उदाहरणाच्या आठवड्यात त्यांना बाई दिसली. सगळ्यांना एकच. केशरी कोट घातलेली बाई बर्फावरून तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपीकडे चालली आहे. मध्येच थांबते, डावा हातमोजा काढते, त्या हाताची दोन बोटं तोंडात घालून कुत्र्याला शीळ घालते. कुत्रा किनाऱ्यावर बसून राहतो. जोलीनने लिहिलं की फोन जवळ असावेत, कारण त्या बाईचा फोन पिकअपमध्येच राहिला होता. वेस्टनने लिहिलं की शाळा उशिरा भरावी, कारण सकाळच्या काळोखात बर्फाचा रंग ओळखता येत नाही. सुंडक्विस्टनी गठ्ठा चाळला आणि आयुष्यात प्रथमच माझ्या खांद्यावर थाप मारली. "काय बारकावे आहेत! पोरांना खायला काय घालतेस? फक्त शेवट कुठेत यांचे? गुण शेवटाला असतात, मार्टा."

सिग्नी, डाव्या हाताने शीळ घालणारी एकच बाई मला माहीत आहे. बाबांनी आपल्या दोघींना शिकवली, मला कधी जमली नाही. तू गाव सोडलंस तेव्हा या पोरांपैकी एकाचाही जन्म झाला नव्हता. मी वर्गात कधी तुझ्याविषयी बोलले का, हे खूप आठवून पाहिलं. कदाचित बोलले असेन. शिकवताना माणूस काय काय बोलून जातो. केशरी कोट इथे अर्ध्या गावाकडे आहे. बाबांचा दारामागे टांगलेला आहे, तुझ्या मापाचा नाही, तरी तू तोच घालशील. असं सगळं मी स्वतःला समजावत होते आणि रविवारपर्यंत ते पुरलंही.

शुक्रवारी विरुद्ध बाजू झाली. प्रत्येक कागदावर, विषय कोणताही असो, एकच परिच्छेद होता: 'काही जण म्हणतील, अगं, बर्फ अजून चांगला जाड आहे. बाबा नाही का मार्चमध्ये गाडी न्यायचे?' वर्गात मुलगेही आहेत. त्यांनीही 'अगं'च लिहिलं होतं. मी गठ्ठा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

रविवारी तुझा फोन आला. बाबांची खोपी अजून तळ्यावर उभी आहे, पंधरा तारखेच्या आत ती काढली नाही तर वनखात्याचा दंड बसतो, हे आपण बोललो. तू म्हणालीस, मीच येते, बाबांच्या पिकअपने ओढून आणते, त्यांच्यासाठी एवढं तरी करू दे. मी म्हटलं, शेजारचा आर्वो सांगतो की यंदा बर्फ खालून पोकळ झालाय. तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस ते तुला आठवत असेल, कपाटातल्या गठ्ठ्यातलंच, शब्द न् शब्द. मी फोन खाली ठेवला. तुला वाटलं, फोन कटला.

एका गोष्टीचा मला आधार होता. बाबांच्या पिकअपचा रेडिओ आई होती तेव्हापासून बंद आहे. मुलांच्या निबंधांतल्या पिकअपमध्ये तो चालतो. म्हणजे ते पिकअप आपलं नव्हे.

आज सोमवार, समारोपाचा दिवस. मी दिवे मालवले नाहीत. पाठ सुरूच करता येईना, म्हणून म्हटलं, आज शुद्धलेखन घेऊ. जोलीनने हात वर केला. "बाई, समारोप राहिलाय. पण आम्हाला येतो. माझ्या ताईला तुम्हीच शिकवला होता. शेवटी पहिल्या वाक्याकडे परत जायचं. फक्त आता ते वाचताना वेगळं वाटलं पाहिजे."

घरी आले तर आर्वो अंगणात होता. तू त्याला फोन केला होतास म्हणे. "सिग्नी म्हणाली, मार्टाला सांगू नकोस, गंमत आहे. खोपी आणताना म्हाताऱ्याचं स्टेशन लावायचंय तिला. एक वायर तुटली होती, बाकी काही नाही." तो हात पुसत कॉफीसाठी आत आला. मी दारातच उभी राहिले. त्याच्या मागे पिकअपचं दार उघडं होतं आणि रेडिओ चालू होता.

म्हणून हे लिहिते आहे, आणि उद्याच जलद टपालाने पाठवते आहे, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मला माझंच खरं वाटेनासं होतं. कागदावर हसलीस तरी मला ऐकू येणार नाही. येऊ नकोस. खोपी बर्फाबरोबर जाऊ दे, दंड मी भरेन. पिकअपची किल्ली माझ्याकडे आहे, मागू नकोस. मुलांना मी समारोप शिकवणार नाही. त्यांचे गुण जातील, सुंडक्विस्ट ओरडतील, आठवी गेली तर जाईल. जोलीनला येतो, हे खरं आहे. पण तिने अजून तो लिहिलेला नाही. परीक्षा होईपर्यंत तू तिथेच राहा, उन्हात.

तुझीच, आणि दुसरी बहीण नसलेली,
मार्टा