खुर्चीमागचा हात

प्रिय अशरफ,

सलाम. खुशाली मागाहून विचारते, आधी सांग, तो हात कुठे गेला? नबील परवा गावाहून तुझी फ्रेम घेऊन आला. मी कागद फाडून बघते तर आपला लहानपणीचा फोटो धुऊन इस्त्री करून आणल्यासारखा! माझे गाल साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. तुझ्या स्वेटरवर एक बदक होतं, त्याची दोन झालीत. आणि तुझ्या बगलेखाली धरलेला तो हात साफ गायब. अरे, चार महिन्यांचं पोर तू, उशीला टेकवलं तरी लवंडायचास, आणि इथे खुर्चीत हेडमास्तरसारखा एकटा ताठ बसलायस! फोटोवाल्याचं सोड, तुला तरी कळायला नको?

फोन केला तर म्हणालास, आपा, कुणाचा तरी हात मध्येच आला होता, वाईट दिसत होता, मीच काढायला सांगितला. वर म्हणे, बरं केलंस एवढं तरी बोल. मग मी ओरडले आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. कागद काही मध्येच कट होत नाही. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर माझी शाळा कुणाला सांभाळायला सुटली ते तुला माहीत आहे.

इकडे कुवेतला आमचं छान चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. यूसुफचा इकामा, इथे राहायचा परवाना, आणखी दोन वर्षांसाठी वाढला. इथलं महबूला भागातलं घर लहान आहे, पण खिडकी उघडली की समुद्राचा वारा येतो आणि शुक्रवारी ताजी झुबैदी मिळते, म्हणजे आपलं पापलेटच. ते खाऊन यूसुफ दुपारभर घोरतो आणि उठून म्हणतो, मी जागाच होतो. माहीनने आता घरीच काम सुरू केलंय. इथल्या लोकांकडे त्यांच्या लहानपणीचे काळे-पांढरे फोटो असतात, घडी पडलेले, बुरशी आलेले. ते ती कॉम्प्युटरवर घेते आणि नीट करते. तासन् तास बसते. मी जेवायला हाक मारली की म्हणते, मम्मा, वन मिनिट, आणि भात थंड होतो. पण काम बघण्यासारखं. आधी धूळ टिपते, मग ओरखडे भरते, मग उजेड-सावली सारखी करते. पोराच्या चेहऱ्याला मात्र जपून हात लावते. नाकावरचा ओरखडा काढायचा, गालावरचा देवीचा वण ठेवायचा. मी विचारलं, वण कशाला? म्हणाली, तो फोटोवर नाही, माणसावर आहे.

तुझी फ्रेम तिला दाखवली. तिने मोठं करून बघितलं आणि हसत सुटली. म्हणाली, मामूच्या माणसाने हात पुसला आणि त्या जागी स्वेटरचाच तुकडा चिकटवला, म्हणून दुसरं बदक आलं. मी म्हटलं, मग तू परत आण हात. ती म्हणाली, जे फोटोत उरलंच नाही ते मी कुठून आणू? खोटा हात काढून देऊ? मला जुना फोटो हवा. आणि जुना फोटो तू त्या रत्नागिरीच्या दुकानात टाकून आलास, फाटका कशाला हवा म्हणून! तिथे तो केराच्या डब्यात गेला असेल तर काय करशील?

तो फोटो काढला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी आठ वर्षांची. अब्बा इथे कुवेतला होते, तुला त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचं पत्र आलं, पोराचा फोटो पाठवा. आपल्या आजोबांनी, दादांनी, हो म्हटलं, पण बजावलं, फक्त पोरांचा काढा, बाईमाणसाचा नको. अम्मा आपल्याला घेऊन एसटीने गेली. तू स्टुडिओत पाऊल टाकताच रडायला लागलास, मला नव्या फ्रॉकची शिवण टोचत होती. फोटोवाला म्हणाला, बाळ बसत नाही, कुणीतरी धरा. मग अब्बांकडे गेला तो फोटो. त्यांनी तो वर्षभर पाकिटात ठेवला, म्हणून मधून घडी पडलीय. ती घडी गेली त्याचं मला काही नाही.

तू सारखा म्हणतोस ना, आपा, अम्माचा एकही फोटो नाही, ती कशी होती ते मला माहीतच नाही. दर ईदला फोनवर म्हणतोस. आणि मी दर वेळी भांडी घासायला उठते. अशरफ, तो हात तिचा आहे. फोटोवाल्याचं काळं कापड अंगावर घेऊन ती तुझ्या खुर्चीमागे बसली होती आणि तेवढा हात पुढे घालून तुला धरून होती. मनगटावर दोन बांगड्या, अंगठ्यावर चुलीचा डाग. पुढच्या वर्षी ती गेली. मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, आणि विसरले म्हणून नव्हे. तो हात तुझ्या अंगावर होता, माझ्या नव्हता. मी शेजारी उभी होते, मला कुणी धरलं नव्हतं. म्हणून निदान ठाऊक तरी मला एकटीलाच असू दे, असं वाटायचं. वाईट होतं ते, माझं मलाच कळतंय. आता दुकानात जा, डबा उपसायला लागला तरी उपस. माहीन दोन प्रती करणार आहे, हातासकट, पहिली तुझी. नबील शनिवारी परत गावाला निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. फोटो मिळाला की नाही, ते मला पुढच्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजाआधी कळव.

तुझीच,
रहिमा आपा