गच्चीवर मी होते

९ मार्च, रविवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

नळाला आठवडाभर पाणी नाही म्हणून टँकर मागवला होता. टँकर गल्लीच्या तोंडाशीच अडला, कारण लखनच्या पोरांच्या गाड्या आडव्या लावलेल्या. लखन म्हणजे कोपऱ्यावरच्या मनकर्णाबाईचा मुलगा. दिवसभर नशेच्या गोळ्या खाऊन आमच्याच ओट्यावर पसरलेला असतो, आणि आम्ही आमच्याच ओट्याला वळसा घालून घरात शिरतो. हे गेले आणि म्हणाले, "गाडी जरा बाजूला घे बाबा, पाणी यायचंय." एवढंच! त्यानं कोयता काढला. भर दुपारी. "पाणी पायजे व्हय तुला?" म्हणाला म्हणे, आणि ह्यांच्या दंडावर घातला.

घाटी दवाखान्यात टाके घातले. बोटं हलतात. त्यातच आनंद मानायचा.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. मी काहीही पाहिलेलं नाही! मी मागच्या मोरीत ड्रम घासत होते. गच्चीवर, टाकीत पाईप धरून, आमची पोरगी श्रेया उभी होती. सगळं तिनं पाहिलं.

पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी गल्लीत येऊन विचारलं, "प्रत्यक्ष बघितलं कोणी?" कोणी बोलेना. समोरच्या सरूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या, अंतर दहा पावलांचं, पण त्यांनाही म्हणे काही दिसलं नाही. कडूबा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत. श्रेया तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "मी पाहिलं. गच्चीवर मी होते."

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

१० मार्च, सोमवार

ठाण्यात जबाब टाईप झाला. मॅडमनी विचारलं, "वार कोणत्या हातानं केला?" मी म्हणाले, उजव्या. दुसऱ्या कोणत्या करणार! सही ठोकली.

घरी येऊन श्रेयाला जबाब शब्दशः सांगितला आणि बजावलं — त्या वेळी तू मैत्रिणीकडं होतीस. ती म्हणाली, "मम्मी, पण—" मी म्हटलं, पण नाही अन् बिण नाही. अठरा वर्षं झाली म्हणून फार शहाणी होऊ नकोस. तुझं नाव त्या कागदावर नकोच मला. उद्या कॉलेजला जायचंय तुला, क्लासला जायचंय. मला काय, मी घरात मशीनवर बसलेली बाई. येऊन येऊन माझ्याकडं कोण येणार, ब्लाऊज मागायला येणाऱ्या बायका!

१३ मार्च, गुरुवार

लखन सापडला. कन्नडला मावशीकडं लपला होता. गल्लीत होळी पेटली तेव्हा पहिल्यांदा सगळे बाहेर आले, बायकासुद्धा. मी नैवेद्याची पोळी दोनदा टाकली. एक होळीची, एक माझ्या समाधानाची.

१५ मार्च, शनिवार

आज त्याची धिंड काढली!

पोलीस त्याला आमच्या गल्लीत चालवत घेऊन आले. लंगडत होता. जिथं ह्यांना मारलं तिथंच उभं केलं. एक हवालदार ओरडला, "जोड हात सगळ्यांना! कोण दादा आहे रे इथं?" आणि लखन, ज्याच्यामुळं आम्ही सात वाजता दारं लावायचो तो लखन, हात जोडून म्हणाला, "चुकलो. माफ करा." गच्च्यांवरून शिट्ट्या. कडूबानं पोलिसांना थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या. सरूबाई मला म्हणाल्या, "लई बरं झालं बाई, लई माज आला व्हता त्याला."

मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू. मोबाईलवर काढलं आणि स्टेटसला ठेवलं, खाली हसणारी तोंडं. गल्लीतल्या सगळ्यांच्या स्टेटसला आज लखनच.

फक्त श्रेयानं ठेवलं नाही. खिडकीतून आत वळली. "मम्मी, तो परत आला की?" म्हणाली. मी म्हटलं, शुभ बोल.

१९ मार्च, बुधवार

ओटा धुतला. श्रेया संध्याकाळी ओट्यावर बसून पुस्तक वाचत होती. किती दिवसांनी! मी आतून उगीचच दोनदा डोकावले.

२७ मार्च, गुरुवार

जामीन झाला त्याचा.

२८ मार्च, शुक्रवार

ओट्यावर परत पाच-सहा जण. मधे तो.

मी दूध आणायला बाहेर पडले तर उठून उभा राहिला. अगदी अदबीनं. "काकू, माझा व्हिडिओ लई भारी काढला म्हणे तुमी. मला बी टाका ना, मेरे पास नहीं है."

पोरं हसली. मी पिशवी घेऊन तशीच घरात. दूध राहिलंच. हे काळा चहा प्यायले. त्यांनीही ऐकलं होतं.

कडूबाच्या दुकानात तो फिरून आला, सरूबाईंच्या दाराशी उभा राहून आला, प्रत्येकाला तेच — व्हिडिओ टाका ना. त्या दिवशी हात जोडायला लावले, त्याची भरपाई दारोदार फिरून वसूल करतोय. पोलीस तमाशा दाखवून गेले. तमाशातला वाघ मात्र इथंच राहायला आहे, आणि समोर बसलेले आम्हीसुद्धा!

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी ओट्यासमोर उभारता आली नाही, गच्चीवर उभारली. रांगोळी काढायला जागा होती ती त्यांच्या पायाखाली.

हे म्हणाले, "गच्चीवर बरी दिसते की." मला इतका राग आला की साखरेची गाठी मोडून हातात राहिली.

१ एप्रिल, मंगळवार

श्रेयाच्या स्कूटीची सीट फाडली. क्लासच्या बाहेर, जालना रोडवर, दिवसाढवळ्या. लांब सरळ रेघ. मी शिवणारी बाई, मला कळतं — एकाच हिसक्यात फाडलंय, हात बसलेला आहे.

तिला कोणी काही बोललं नाही, शिवलं नाही. फक्त समोर टपरीवर लखन उभा होता आणि तिला म्हणाला, "ताई, मम्मीकडून शिवून घे. फुकटात होईल."

पोरीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मी रडत होते.

११२ ला फोन केला. गाडी आली, दोन पोलीस उतरले, ओट्यावरची पोरं उठून गेली. गाडी गेली, पोरं परत बसली. क्लास बंद केला तिचा. म्हटलं घरी अभ्यास कर. ती म्हणाली, "म्हणजे धिंड माझीच निघाली ना?"

२ एप्रिल, बुधवार

मनकर्णाबाई आली. लखनची आई! हातात ब्लाऊजपीस. वाटलं, तोंडावर दार लावावं. पण ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"आठ तारखेला लेकराचा वाढदिवस हाय माह्या. पोरं म्हणत्यात लई मोठा करायचा. तेवढा शिवून दे."

मी विचारलं, "मनकर्णाबाई, तुम्हाला झोप येते का?"

ती खाली बघून म्हणाली, "मलाबी मारतो तो. कुणाला सांगू?" पदर बाजूला करून मनगट दाखवलं. हिरवंनिळं.

माप घेतलं. पैसे घेणार नाही म्हटलं तर ठेवून गेली.

५ एप्रिल, शनिवार

मॅडमचा फोन. कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांपुढं जबाब व्हायचा आहे, ह्यांचा आणि माझा. अकरा तारीख दिली. तो झाला की जामीन रद्द करायला अर्ज टाकता येईल म्हणाल्या. "घाबरू नका सुलेखाताई, तुमच्यासारखी साक्षीदार पाहिजे." मी हो हो म्हणाले.

ह्यांना सांगितलं. हे जखमेवर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "ऊन डोळ्यावर व्हतं. मला काय नीट दिसलं नाय."

मी म्हटलं, समोरासमोर उभा होता तो तुमच्या! वीत-दीड वीत अंतर!

"पोरगी हाय आपल्याला, सुलेखा."

तेच तर! पोरगी आहे म्हणूनच ना! कंपनीत ह्यांच्या हाताखाली वीस माणसं आहेत, चिकलठाण्याला ह्यांचा आवाज शेडभर घुमतो म्हणतात. घरात आल्यावर तो आवाज कुठं ठेवतात कोण जाणे.

घर विकून पिशोरला माझ्या भावाजवळ जाऊ म्हटलं. पण ह्या गल्लीत घर घेणार कोण? बघायला आलेल्याला आधी त्या पोरांना ओलांडावं लागेल.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि कोपऱ्यावरचा फ्लेक्स दिसला. दुमजली उंच. "गल्लीची शान लखनभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा." मधे तो, गॉगल लावून, तलवारीनं केक कापताना. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या ओळी.

जवळ जाऊन बघितलं. बघायला नको होतं. पहिल्या ओळीत त्याची पोरं. दुसऱ्या ओळीत कडूबा. सरूबाईंचा मुलगा. त्या दिवशी शिट्ट्या मारणारे सगळे, एकेक करून, हसरे. आणि शेवटच्या ओळीत, डावीकडून तिसरे — हे.

श्रेयाच्या बारावीच्या सत्काराचा फोटो. तिघांचा होता. मला आणि तिला कापून टाकलंय. पण नीट कापता आलं नाही त्यांना. ह्यांच्या खांद्यावर माझी बोटं राहिलीत. इस्त्रीनं भाजल्याचा डागसुद्धा स्पष्ट दिसतो. म्हणजे मीही आहे तिथं. हाताएवढी.

आणखी एक दिसलं. तलवार त्याच्या डाव्या हातात आहे. गॉगल लावतानाचा दुसरा फोटो, त्यातही डावाच हात. तो डावरा आहे! मी जबाबात काय लिहून दिलं? उजवा. श्रेयाचं ते "मम्मी, पण—" आत्ता कळलं.

हे संध्याकाळी आले. मी फ्लेक्सकडं बोट दाखवलं. वर बघितलंच नाही त्यांनी. चप्पल काढत म्हणाले, "त्याची पोरं म्हणली फोटो द्या, पोरीकडं कोणी बघणार नाय. फोटोच दिलाय, सुलेखा. पोरगी नाय दिली."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शिवी दिली. मग त्यांच्या हाताची पट्टी बदलली. काय करणार.

९ एप्रिल, बुधवार

ठाण्यात गेले. मॅडमच्या मोबाईलमध्ये फ्लेक्स होताच. बोटानं मोठा करून दाखवला. "त्याच्या वकिलानंच पाठवलाय. म्हणतो, ज्याला मारलं तोच शुभेच्छा देतोय, मग मारलं कधी?"

मी म्हटलं, भीतीनं दिलाय फोटो. "मला कळतंय हो. फोटोत भीती दिसत नाही ना." मग दार लोटून घेतलं आणि हळू विचारलं, "सुलेखाताई, तो डावरा आहे. दंडावरचा वारही डाव्या हाताचा आहे असं डॉक्टर म्हणतात. वकील पहिल्याच प्रश्नाला खाली बसवील तुम्हाला. गच्चीवर खरंच कोण होतं?"

मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. मॅडमनी चहा मागवला माझ्यासाठी. तो गार झाला.

"दुसरं कोणी नसेल तर केस गेली असं समजा," म्हणाल्या. रागानं नाही. फार दमलेल्या वाटल्या.

घरी आले तर श्रेया दारातच. "मॅडम काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही, मिटलं. ती म्हणाली, "कोणाचं मिटलं?"

१० एप्रिल, गुरुवार

ठरवलं. उद्या जायचंच नाही. जाऊ दे केस. ओटा घ्या, गल्ली घ्या, फोटो घ्या, माझी बोटं घ्या! श्रेयाला उद्या दुपारच्या एसटीनं पिशोरला धाडते. बॅग भरली तिची. कपडे ठेवताना ती शेजारी बसून होती. एकदाही नाही म्हणाली नाही. मला वाटलं, समजूतदार आहे माझी पोरगी.

पाणी आलं नळाला. भरायची इच्छा झाली नाही. तिनंच वर जाऊन पाईप धरला.

११ एप्रिल, शुक्रवार

बॅग तशीच कॉटवर. स्कूटी नाही. मी गल्लीभर शोधलं, लखनच्या पोरांनाही विचारलं — मी, त्यांना! ते फक्त हसले.

मग फोन वाजला. मागं टाईप केल्याचा खडखडाट. "मम्मी, रागावू नको. तुझा जबाब खोटा ठरणार आता. मी मॅडमना सांगून टाकलं — गच्चीवर मी होते."