धवलेरीचं पाणी

नाशिक, ८ एप्रिल २०२५

ती. हरेशकाकांस, हर्षालीचा सा. न.

सूर्यमाळला रेंज नाही म्हणून एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देतेय. तुमची रविना स्वतःच्या लग्नाचे कपडे घ्यायला जव्हारला आली होती, तिथून तिने फोन केला. म्हणाली, आजीचं लुगडं नकळत ओलं होतं म्हणून तिच्या लग्नात धवले गायला तुम्ही खोडाळ्याची धवलेरी ठरवलीय. आणि आजीचं पाणीच कमी केलंय! धवलेरी म्हणून एवढ्या पाड्यांची लग्नं तिने धवले गाऊन लावली, आणि नातीच्या लग्नात ती पडवीत?

काका, हे नुसतं म्हातारपण नाही हो. नर्सिंगला आम्हाला हेच शिकवतात. इन्फेक्शन असेल, शुगर असेल, पोट साफ होत नसेल, बाळंतपणांनी स्नायू सैल पडले असतील. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा होतं. पाणी तोडलं तर उलट त्रास वाढतो. जव्हारला दाखवा ना तिला, प्लीज!

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची हर्षाली

सूर्यमाळ, १५ एप्रिल

चि. हर्षालीस अ. आ.

डॉक्टरीणबाई, इंग्लिश शाळेत तुला घातलं ते आम्हाला शिकवायला नाही. तुझी काकी विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरते. त्यातला हंडा रोज लुगड्यांना जातो. या वयात होतंच असं. मांडवात पाव्हण्यांसमोर झालं तर हसं कोणाचं? मी आईला ओरडलो नाही. पाणी बेताने पी, एवढंच म्हटलं. ती हूं म्हणाली. लग्न होऊ दे, मग दाखवू.

आशीर्वाद आहेच.

हरेश

नाशिक, २० एप्रिल

ती. काका, सा. न.

परीक्षा आहे, लग्नाला येता येत नाही. आजी नुसतं हूं म्हणते तेव्हा तिला लागलेलं असतं. तुम्ही तिच्या पोटचे, तुम्हाला कळत नाही? तिच्या उशाशी तांब्या ठेवा. दुसरं काही मागत नाही.

हर्षाली

सूर्यमाळ, १२ मे

चि. हर्षालीस अ. आ.

लग्न झालं. मांडवात धवले चालू होते आणि आई पडवीत काहीबाही बरळत होती. आम्हाला वाटलं, रुसलीय. सकाळी हात लावला तर अंग तापलेलं. जव्हारला नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीत इन्फेक्शन, त्यात अंगात पाणीच नाही. तुझंच खरं निघालं.

आता बरी आहे. लुगडंही कोरडं असतं. काल पाड्यावरच्या माघीच्या घरचे तिला लग्न लावायला बोलवायला आले, तर तिने त्यांना खोडाळ्याला पाठवलं.

काकी भरलेला तांब्या समोर ठेवते. ती हात लावत नाही. तहान लागली की काठी टेकत शेजारी मंगळ्याकडे जाते आणि तिथे पिते. त्यांनी विचारलं तर म्हणाली, हरेशच्या घरात पाणी बेताचं आहे.

आलीस की तू तरी आमच्या घरचं पाणी पी.

काका