देवी येणं बंद झालं, त्याबद्दल

पाथरीहून,
सन १९८६

चंद्रभानराव पाव्हण्यांना किशनरावाचा हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, वहिनींचा खोकला गेला असेल. तुमची बहीण कस्तुराबाई ठणठणीत आहे, आणि काळजी तिचीच आहे.

तुम्ही औरंगाबादेत गाठून दिलेल्या डॉक्टरांनी कस्तुराबाईच्या डोक्याला तारा लावून सांगितलं की ही मिरगी आहे, मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठते, आणि अंगात देवी येते तीही तिथूनच. (मी तेव्हा मान हलवली, पण बाहेर येऊन दोन्ही गालांवर मारून घेतलं.) गोळ्या सुरू झाल्या आणि देवी येणं बंद झालं. मंगळवारी लोक अजून नारळ घेऊन येतात, ही त्यांना चहा देते आणि मिरगीचं सांगते. माझी झोप उडाली आहे. आमच्या घरात देवी होती की आजार, आणि मी इतकी वर्षं पाया पडलो ते कोणाच्या?

तेवढ्यावर भागलं असतं. पण याच देवीनं मागं सांगितलं होतं की देवळापुढचा हापसा बौद्धवाड्यालाही खुला करा, आणि गावानं निमूट ऐकलं होतं. परवा देवळाचे पंच लिंबाजी साखळी-कुलूप घेऊन हापशावर हजर. म्हणाले, ती मिरगी होती, तर तिचा हुकूमही मिरगीचाच. बौद्धवाड्यातली सुलाबाई घागर लावून उभी होती. ती शांतपणे म्हणाली की हापसा सरकारनं बसवलाय, देवीनं न्हाई. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या मनात आलं, आजची गोळी चुकवली तर देवी परत येईल का? (हे तिला कळवू नका.)

तेवढ्यात कस्तुराबाई पुढं आली. केस बांधलेले, पदर नीट, अंगाला कंप नाही.

"तवा कोण बोललं ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "आता मी बोलायले. गोळी घेऊन, शुद्धीत. पाणी सगळ्यांचं हाय."

आणि सुलाबाईच्या मागं नंबर धरून उभी राहिली. लिंबाजींनी बराच वेळ वाट पाहिली, बहुधा तिला झटका येईल म्हणून. आला नाही. मग ते साखळी गोळा करून घरी गेले.

थोरांना नमस्कार, लेकरांना पापे.

तुमचा,
किशनराव

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. मलाही त्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, वेळ घेऊन ठेवा. हापशावर खरं काय ते मला कळत होतं, पण तोंड उघडलं नाही. मेंदूचा कोणता कोपरा अडकलाय ते बघून घ्यायला पाहिजे.

पुन्हा ता. क. कस्तुराबाईला वाचून दाखवलं, कंसातलं सोडून. ती म्हणते, ह्याला आजार म्हणत न्हाईत, भ्या म्हणतात, अन् त्याची गोळी निघाली न्हाई. तरी तुम्ही वेळ घ्याच.