दाराच्या आवाजावरून देश

५ जानेवारी
ठरलं. गाडी घ्यायची. अट एकच : परदेशात जुळवलेली हवी.

मी पाहिलेलं मॉडेल दोन तऱ्हेचं येतं. एक इथल्याच प्लांटमध्ये सुटे भाग जोडून, दुसरं बाहेरून पूर्ण तयार, बोटीतून. नाव एक, रंग एक, जीव वेगळा. लोकांना फरक कळत नाही. मला कळतो. एका भाड्याच्या मागापासून टॉवेलचा कारखाना उभा केला तो या कानांवर. गेटात चप्पल काढतानाच सांगतो, धोटा कुठल्या मागावर अडखळतोय. गाडीचं दार म्हणजे काय त्यात?

बायकोला घाई आहे. विजयमालाला नुकतंच लायसन मिळालंय. बावीस फेब्रुवारीला सांगोल्यात तिच्या बहिणीची, मुक्ताबाईची, वास्तुशांत. "मी स्वतः गाडी चालवत येणार," असं तिनं फोनवर सांगून टाकलं. त्यावर साडू म्हणाले, "अक्का, वेशीवर थांबून फोन करा की. शेळ्या बांधून घेतो, मग या आत." फोन स्पीकरवर होता. तिकडं सगळे हसले. इकडं मीही, थोडासा. विजयमाला हसली नाही.

असो. चांगल्या वस्तूला वेळ लागतो.

१२ जानेवारी
शोरूम. सेल्समन ताबीश, गोड बोलणारा. दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं, तो चहा आणायला जाईपर्यंत. आवाज : टप. पोकळ. डोळे मिटून सांगितलं, "ही इथली जुळणी." ताबीश म्हणाला, "बरोबर सर. बोर्डावर लिहिलंच आहे." बोर्ड मी पाहिला नव्हता. पाहिला असेल तर वाचला नव्हता.

बाहेरची गाडी मे महिन्यात येईल म्हणे. शिवाय दोन्ही गाड्यांची दारं एकाच कारखान्यातून येतात, असंही म्हणाला. विकणारा माणूस, बोलणारच.

विजयमाला तोवर इथल्याच गाडीत सीट पुढं ओढून, आरसे जुळवून बसलेली. तिला उतरवायला वेळ लागला.

१९ जानेवारी
ज्ञानात भर. चेसिस नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून गाडी कुठल्या देशात बनली ते कळतं. आज एका लग्नात सगळे पंगतीला बसले, मी पार्किंगला. मोबाईलचा टॉर्च लावून काचेखालचे नंबर वाचले. वॉचमन आला. म्हणाला, "पेट्रोल काढायलाय व्हय?" कपडे बघून तरी बोलावं माणसानं.

ओळख पटवायला विजयमालाला बोलावलं. तिनं मला नीट पाहिलं, मग म्हणाली, "आमचेच आहेत." इतका विचार करण्याची गरज नव्हती.

जिलेबी संपली होती.

२६ जानेवारी, दुपार
विषय कायमचा मिटवायचं ठरवलं. कारखान्यात झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं : डोळे बांधा, दारं वाजवा, मी देश सांगतो. चुकलो तर विजयमाला म्हणेल ती गाडी. आमचा माल नेणारे टेम्पोवाले बडेसाब, टॉवेल तपासून घडी करणाऱ्या बजाबाई, मागावरचा येडू, सगळे साक्षीदार. डोळ्यांवर आपलाच टॉवेल. एवढा घट्ट विणतो आपण, हे आज पहिल्यांदा अनुभवलं.

पहिला आवाज : खडखड. "भारत," म्हटलं. बडेसाबचा टेम्पो. टाळ्या.

दुसरा : टप. "भारत." झेंडावंदनाला आलेल्या आमच्या डॉक्टर भाडेकरूंची गाडी. बरोबर.

तिसरा. वा! काय आवाज! भरीव, वजनदार, मागं कसलाही थरथराट नाही. मी हात वर केला आणि म्हणालो, "ऐका, याला म्हणतात जुळणी. ही इथली नव्हे. ही जर्मनी."

मग बजाबाई फिस्सकन हसल्या.

टॉवेल काढला. विजयमाला ऑफिसातल्या लोखंडी कपाटापाशी उभी. दार तिच्या हातात.

बडेसाब म्हणाले, "शेठ, कपाटाला चार चाकं लावून देऊ काय?"

२६ जानेवारी, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. कान चुकलेला नाही. कानानं दर्जा ओळखला, फक्त वस्तू वेगळी निघाली. चौकशी केली. कपाट अक्कलकोट रोडला बनलेलं, येडूच्या मेव्हण्यानं. मेव्हणा दोन वर्षं दुबईत होता. म्हणजे परदेशाचा संबंध आलाच.

कपाट ही गाडी नाही. सबब पैज रद्द. तसं विजयमालाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

२ फेब्रुवारी
जेवताना विजयमालानं विचारलं, "आपल्या शेडात सूत एक, माग एक. बजाबाईंनी तपासलेला गठ्ठा कधी परत येत नाही, आणि शिवूचा दर महिन्याला येतो. का?" मी म्हटलं, शिवू तपासतोय कुठं, मोबाईल बघतोय. ती म्हणाली, "मग देश तर दोघांचा एकच की."

मी म्हटलं, टॉवेलचं वेगळं असतं. का वेगळं असतं ते सांगणार होतो, तेवढ्यात ठसका लागला.

१० फेब्रुवारी
घरात शांतता. गाडीचा विषयच नाही. माझा मुद्दा पटलेला दिसतो. ताबीशचे फोन येतात, पण तिला. बहुधा मे महिन्याच्या गाडीचंच. मला त्रास नको म्हणून ती परस्पर बघत असावी.

साडूंना कळवलं की आम्ही एसटीनं येऊ. ते हसले. शेळ्या मोकळ्याच ठेवतो म्हणाले.

२१ फेब्रुवारी
दारात गाडी. पांढरी. हार घातलेला. इथली जुळणी.

विजयमाला म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता." बडेसाब साक्षीदार म्हणून पेढे खात उभे. मी ठामपणे सांगितलं, या गाडीत मी बसणार नाही. तिनं पेढा पुढं केला. पेढा खाल्ला. पेढ्याचा आणि तत्त्वाचा संबंध नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळ
बसतोय. एसटीला गर्दी असते. शिवाय दोष शोधायचे तर आत बसायला हवं. मागच्या सीटवर बसणार. तिथून चारी बाजूंचं ऐकू येतं.

२२ फेब्रुवारी, रात्री
सगळं जसं घडलं तसं लिहितो.

शहराबाहेर पडून वेग घेतला आणि ऐकू आलं. टक. टकटक. टकटकटक. उजवीकडून, खालून. इतका आनंद मला कारखान्याच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. म्हटलं, "ऐकतेस? पत्रा सुटतोय! चार वेल्ड कमी मारलेत!" तिचा चेहरा उतरला. स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. म्हणाली, "आता काय करायचं? परत फिरू?" साडूंचे शब्द तिला आठवत असणार. मी म्हटलं, बघू, पण नमुना कळला ना तुला.

मंगळवेढ्याच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. मी उतरलो, अनुभवी माणसासारखा गुडघ्यावर बसलो.

माझ्या दारातून सीटबेल्टचा पट्टा बाहेर लोंबत होता. दार त्याच्यावरच लावलेलं. बक्कल अख्खा रस्ता पत्र्यावर आपटत आलेलं. दार घरून निघताना मीच लावलं होतं, आवाज कान देऊन ऐकत. नव्या पांढऱ्या रंगावर टवक्यांची रांग.

विजयमालानं वाकून पाहिलं. ती काय बोलते याची मी वाट बघत होतो. तिनं पट्टा आत टाकला, रंगावरून एकदा बोट फिरवलं आणि जाऊन स्टेअरिंगवर बसली.

सांगोल्यात साडू फाटकापर्यंत आले. शेळ्या बांधलेल्या नव्हत्या. विजयमालानं हॉर्न न वाजवता त्यांच्यामधून गाडी अंगणात आणली आणि डाळिंबाच्या ढिगाशेजारी सरळ उभी केली. साडू म्हणाले, "अक्का, लई भारी की!" मुक्ताबाईंनी आधी बहिणीला ओवाळलं, मग घरात नेलं. तिच्याभोवती बायकांचा घोळका. मी टवक्यांपुढं पाठ करून उभा राहिलो, जेवणाचं बोलावणं येईपर्यंत.

कुणीतरी विचारलं, गाडी बाहेरची का इथली? मी म्हटलं, इथली. मजबूत आहे.

परतताना विजयमालानं मला पुढं बसवलं. बेल्ट तिनंच लावला. मग फिरून माझ्या बाजूला आली आणि दारही तिनंच लावलं.