काडी वाचते

१ जानेवारी, बुधवार

सकाळी सातला घर तापवणारे रेडिएटर गार पडायला लागले. सांगितलं होतं तसंच. मी हात लावून बसलो होतो. आधी कोमट, मग भिंतीइतके, मग भिंतीहून गार. रशियाकडून येणारा गॅस आजपासून बंद. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मॉस्को आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही.

स्वयंपाकघरातली शेगडी अजून चालू आहे – पाइपमध्ये जे उरलंय त्यावर. मागचा डावा बर्नर, बारीक. माझ्या बायकोने, क्लावाने, ५ डिसेंबरला सकाळी त्यावर किटली ठेवली, ज्योत बारीक केली, स्टुलावर बसली आणि गेली. तेव्हापासून मी त्या बटणाला हात लावलेला नाही.

आज अठ्ठाविसावा दिवस. गेलेलं माणूस चाळीस दिवस घरातच असतं म्हणतात. तळमजल्यावरच्या ग्लाफिराताईंनी पाण्याचा पेला आणि वर पावाचा तुकडा ठेवायला लावला. म्हणाल्या, दिवाही विझू देऊ नकोस. घरात देवाजवळचा दिवा नाही. मी म्हटलं, ही ज्योत आहे ना, तिनेच लावलेली. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ही चालेल.

१३ तारखेला चाळीस होतील. तोवर टिकली पाहिजे. मला दुसरं काही नको.

२ जानेवारी

पोलादी पट्टीने ज्योत मोजली. चौदा मिलिमीटर. तीस वर्षं नकाशे काढले, मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

सीमेपलीकडे किशिनावहून मुलाचा, इल्याचा फोन.

"बाबा, इकडे या. दीड तासाचा रस्ता आहे."

"तेरानंतर बघू."

"तेरापर्यंत गोठाल."

"स्वेटर आहेत."

मग तो चिडला. "तीस वर्षं फुकटची ऊब घेतलीत तुम्ही तिकडच्यांनी. भर थंडीत खिडक्या उघड्या टाकून! इथे आम्ही बिल आलं की एक खोली बंद करतो. कधीतरी हे होणारच होतं."

 खिडक्यांचं खरं आहे. आमच्या रेडिएटरना कमी करायची सोयच नाही, उकडलं की खिडकी उघडायची. कोणालाच त्यात काही वाटत नसे. मॉस्को देतंय.

शेवटी म्हणाला, "आई माझ्या लग्नाला एक रात्र राहिली नाही. आता तुम्ही बसा त्या घराला चिकटून."

तेही खरं आहे. क्लावा कुठेच रात्री राहिली नाही. ओडेसाला माझ्या आईकडे मी आणि इल्याच जायचो. "शेगडी चालू आहे," म्हणायची. बंद कर म्हटलं की म्हणायची, "काडी वाचते." इथे सगळेच असं करतात – काडेपेटी विकत आणावी लागते, गॅस जवळजवळ फुकट, म्हणून सकाळी एकदा पेटवली की दिवसभर एक बर्नर बारीक ठेवायचा. आमचा रात्रीही बंद होत नसे. आम्ही बापलेक हसायचो तिला.

३ जानेवारी

घरात नऊ अंश. ज्योत तेरा.

४ जानेवारी

ग्लाफिराताईंनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण या जिन्याचा कारभार त्यांच्याकडेच. अंगात दोन कोट, डोक्याला शाल.

"ऐका. पाइपात जे आहे ते शेवटचं. माझ्या नवऱ्यात अखेरीला जेवढी धग उरली होती ना, तेवढीच. फक्त स्वयंपाकापुरतं वापरायचं. ओव्हन उघडा ठेवून शेकत बसायचं नाही. बर्नर चालू सोडायचे नाहीत."

पाचव्या मजल्यावरचा वादिम म्हणाला, "कोणीतरी सोडतंय. रोज दाब उतरतोय. आमची शेगडी नवीन, दाब कमी झाला की आपोआप बंद होते. घरात पाच महिन्यांची मुलगी आहे." तो बुटांच्या कारखान्यात असतो. कारखाना बंद, म्हणून दिवसभर घरात. "मला सापडू दे तो कोण आहे. त्या नासपतीत नेऊन बसवतो त्याला, रात्रभर."

नासपती म्हणजे आमच्या अंगणातलं मोडकं कारंजं, त्याच आकाराचं. सगळे हसले. मीही हसलो.

ग्लाफिराताई हसल्या नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

५ जानेवारी

अकरा मिलिमीटर.

६ जानेवारी

दुपारी तीन तास वीज नव्हती. हल्ली मी स्वयंपाकघरातच बसतो. सकाळी आलो तर स्टूल टेबलाखालून बाहेर ओढलेलं होतं. मी रोज आत सरकवतो. किटलीही भरलेली होती. मी भरली असेन, आठवत नाही.

शेगडीवरच्या फळीवर तीन कप पालथे असतात. तिचा, माझा, आणि कड उडालेला एक पांढरा. त्यातून कधीच कोणी प्यायलं नाही. इल्याने लहानपणी एकदा घेतला होता तर तिने हातातून काढून घेतला. "तो राहू दे." आज तो खाली घेऊन बघितला. आतून स्वच्छ, धूळ नाही. परत ठेवला.

७ जानेवारी

आमचा, जुन्या पंचांगाचा नाताळ. ग्लाफिराताई मधात शिजवलेले गहू घेऊन आल्या. स्वयंपाकघराचं दार मी आधीच ओढून घेतलं होतं.

"अर्कादी, क्लावाला पहिला चमचा ठेव."

"ठेवतो."

"आत थंडी वाजत असेल तिला."

"नाही वाजत," मी म्हणालो.

त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "मी जिन्यात बोलले ते सगळ्यांसाठी बोलले. तुझं तू बघ." आणि भिंतीला धरून खाली गेल्या.

नऊ मिलिमीटर. आज चौतिसावा दिवस.

८ जानेवारी

वादिमची बायको लिलिया आली. हातात दुधाची बाटली, कोटात पोर.

"काका, तुमची शेगडी जुनी आहे ना? आमची धरतच नाही. वीजही गेलीय. एवढं कोमट करून घेऊ?"

नाही कसं म्हणणार. आत आली आणि थांबली. ज्योत चालू, वर किटली, आणि मी तर बाहेरच्या खोलीतून आलेलो. पेला बघितला, पाव बघितला. हुशार मुलगी आहे.

"कधीपर्यंत, काका?"

"तेरापर्यंत."

दूध कोमट व्हायला बारा मिनिटं लागली. पोर ज्योतीकडे टक लावून बघत होतं. जाताना लिलिया म्हणाली, "मी वादिमला नाही सांगणार. तो वाईट नाही हो, घाबरलाय."

तिने मला काहीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

९ जानेवारी

ज्योत सात. दोनदा दूध. दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

हिशोब सरळ आहे. रात्रंदिवस जळतं ते याच पाइपातून जातं. असंच चाललं तर तेराला माझी ज्योत असेल-नसेल, पण त्या पोराचं दूध तापणार नाही. मी एकटाच जाळत असेन असं नाही. पण मी जाळतोय.

क्लावा असती तर काय म्हणाली असती? तिने आयुष्यात कोणाच्या पोराला उपाशी ठेवलं नाही. पण तिने ज्योतही कधी विझवली नाही.

१० जानेवारी

पाच मिलिमीटर.

सकाळी वादिमने दार वाजवलं. चेहरा निळा पडलेला.

"काका, खरं सांगा. तुमच्या खिडकीला आतून वाफ धरलीय. अख्ख्या इमारतीत फक्त तुमच्या."

"क्लावाचे चाळीस दिवस व्हायचेत," मी म्हणालो.

त्याने टोपी काढली. "क्लावाकाकूंनी माझ्या लग्नात केक केला होता," म्हणाला. "मी काय बोलू आता तुम्हाला?" आणि वर गेला. वरून पोर रडत होतं ते जिन्यात ऐकू येत होतं.

मी आत गेलो आणि बटण फिरवलं. सदतिसाव्या दिवशी. तीन दिवस कमी पडले.

या घरात एक बारीक फुसफुस होती हे मला ती थांबल्यावर कळलं. इतकी वर्षं ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. आता स्टूल टेबलाखाली आहे ते तिथेच राहील.

नंतर लिलिया दूध घेऊन येईल म्हणून काडेपेटी शोधायला गेलो. घरात काडेपेटी कुठे असते हेच मला माहीत नव्हतं, कधी लागलीच नव्हती. पिठाच्या डब्यामागे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा सापडला. उघडला. काडेपेट्या. न उघडलेल्या. काही सोव्हिएत काळातल्या, चित्र फिकं झालेलं. मोजल्या – चौसष्ट.

चौसष्ट काडेपेट्या घरात असताना ही बाई काड्या वाचवत होती?

११ जानेवारी

डबा घेऊन ग्लाफिराताईंकडे गेलो. त्या आणि क्लावा कापडगिरणीत एकाच मागावर होत्या. त्यांना सगळं माहीत असतं.

डबा बघून त्या खाली बसल्या.

"काड्या कसल्या रे. ते तुम्हाला सांगायला होतं. ती शेगडी सेन्यासाठी होती."

सेन्या म्हणजे क्लावाचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा. ब्याण्णवच्या जूनमध्ये इथे किशिनावच्या फौजेशी लढाई झाली तेव्हा घराबाहेर पडला आणि परत आला नाही. मृतदेहही मिळाला नाही. मी तेव्हा इल्याला घेऊन ओडेसाला आईकडे होतो, सुट्टी होती. ऑगस्टमध्ये परत आलो. सेन्या गेला एवढंच क्लावाने सांगितलं होतं. त्यावर पुढे कधी बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. दुखेल म्हणून.

"मी तिथेच होते स्वयंपाकघरात," ग्लाफिराताई म्हणाल्या. "त्याने कपात चहा ओतून घेतला होता. तसाच ठेवला आणि म्हणाला, 'ताई, किटली गरम ठेव, अर्ध्या तासात आलो.' झालं. तिने गरम ठेवली. त्या आठवड्यात गॅस गेला तर अंगणात विटा मांडून त्यावर ठेवायची, गोळ्या सुटत होत्या तरी. नंतर गॅस आला आणि कधी गेलाच नाही. मॉस्कोने स्वस्त ठेवला म्हणून तिचं जमलं बघ. दुसऱ्या कुठल्या देशात असती तर पहिल्याच हिवाळ्यात विझवावी लागली असती. आणि मग रडून मोकळी झाली असती."

"लोक म्हणतात, मॉस्कोने आपल्याला काय काय दिलं," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, तिला वाट बघायला दिली. बत्तीस वर्षं."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

"चाळीस दिवस होऊ देत."

"का?"

"अर्कादी, ती अजून घरात आहे. तिच्या देखत नको."

१२ जानेवारी

लिलिया तीनदा आली. प्रत्येक वेळी मी नवी काडेपेटी उघडली. सोव्हिएत काड्यासुद्धा पेटतात. ज्योत सहा मिलिमीटर, दूध झालं की बंद.

संध्याकाळी वादिम अर्धं पोतं लाकडाचे तुकडे ठेवून गेला. दार वाजवलं नाही.

इल्याला फोन केला. उद्या येतोय. त्याला सेन्याचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे लग्नाला आली तेव्हा..." "हो," मी म्हणालो. "तेव्हाही शेगडी चालू होती."

१३ जानेवारी, सोमवार

चाळीस झाले. पाद्री येऊन गेले. इल्या गाडीत झोपलाय, तिथे हीटर आहे म्हणून. पेल्यातलं पाणी अंगणात ओतलं.

ग्लाफिराताई सगळे गेल्यावर थांबल्या आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी शुक्रवार होता. क्लावाला ताप होता म्हणून सेन्या निघाला, पोस्टात, ओडेसाला फोन लावायला. दर शुक्रवारी सात वाजता क्लावाने तिथून मला फोन करायचा – तसं मीच ठरवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी ओडेसाला फोनपाशी नऊपर्यंत बसलो होतो. ऑगस्टमध्ये घरात पाऊल टाकलं तेव्हा पहिलं वाक्य तेच बोललो होतो – "एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

तिने वळून शेगडीकडे बघितलं, चालू आहे ना एवढंच, आणि मला चहा ओतून दिला.